छप्पर गेलं, भिंती उरल्या: जळालेल्या नाट्यगृहात नेमकं काय शिल्लक राहतं?

प्रश्न असा आहे: ‘कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. छत, रंगमंच, खुर्च्या, पडदे सगळं गेलं, दगडी भाग तेवढा उभा राहिला. ते होतं तसंच पुन्हा उभं करायचं ठरलं. पण आगीत भाजलेल्या भिंतींवर भरवसा ठेवायचा कसा? सगळं उतरवून नवं बांधणं स्वस्त आणि मजबूत झालं नसतं का? आणि छपरापासून खुर्चीपर्यंत सगळंच नवं असेल, तर त्याला शाहू महाराजांचं थिएटर कशाच्या जोरावर म्हणायचं?’

मी गेली २८ वर्षं दगडी आणि चुन्यातल्या जुन्या इमारती तपासते, त्यांची डागडुजी करवून घेते. वाडे, देवळं, गोदामं, दोन जुनी नाट्यगृहं. कोल्हापूरच्या या कामाशी माझा व्यावसायिक संबंध नाही, प्रेक्षक म्हणून मात्र जुना आहे. म्हणून त्या कामात काय झालं, काय चुकलं यावर मी बोलणार नाही. अशा वेळी उरलेल्या भिंती कशा वाचायच्या, एवढंच सांगते. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की भिंती का वाचवायच्या हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे थिएटर १९१५ साली पुरं झालं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. त्याला लागूनच खासबागेचं कुस्तीचं मैदान, ते १९१२ चं. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोम पाहिलं, आणि खासबागेची कल्पना त्यांना तिथल्या कलोसियमवरून सुचली असं कोल्हापुरात सांगतात. कुस्ती आणि संगीत नाटक, दोघांना महाराजांनी पाठीला पाठ लावून जागा दिली. १९५७ मध्ये थिएटरला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०. म्हणजे आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आणि जयंतीचा दिवस उजाडला तो धुरातच.

आता १९१५ हे साल जरा धरून ठेवा. रंगमंचावर ध्वनिक्षेपक नव्हता. ऑर्गन, तबला, सारंगी यांच्या साथीनं गाणाऱ्या नटाचा आवाज थेट शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानावर पडायला हवा, आणि पडला पाहिजे तो सुटा, स्पष्ट, घुमलेला नव्हे. ‘नाही मी बोलत’ मधला ‘बोलत’ स्वच्छ ऐकू आला नाही तर पद वाया गेलं. अशा काळातली नाट्यगृहं म्हणजे एकेक वाद्य असायची. तंबोऱ्याचा भोपळा जसा मापाचा लागतो तशी सभागृहाची रुंदी, लांबी आणि उंची मापाची लागायची.

यात गूढ काही नाही. आवाज बंद झाल्यावर त्याचा घुमारा किती वेळ रेंगाळतो, ते खोलीच्या घनफळावर आणि आत आवाज शोषणाऱ्या गोष्टी किती आहेत यावर ठरतं. उदाहरणादाखल २० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच खोली घ्या. घनफळ झालं २,७०० घनमीटर. खुर्च्या, माणसं, पडदे तेवढेच ठेवून छत फक्त दोन मीटर उंच केलं, तर घनफळ ३,३०० होतं आणि घुमारा एक पंचमांशाहून जास्त वाढतो. सव्वा सेकंदाचा दीड सेकंद. कागदावर किरकोळ वाटेल, पण जलद तान घेणाऱ्या गायकाला आणि भरभर संवाद म्हणणाऱ्या नटाला पाव सेकंद म्हणजे एका शब्दावर दुसरा शब्द चढणं.

ही मापं कुठे राहतात? नकाशे हरवतात, वाळवी खाते, कचेऱ्या बदलतात. भिंत मात्र हलत नाही. दोन लांब भिंतींमधलं अंतर म्हणजे प्रेक्षागाराची रुंदी. भिंतीच्या माथ्यावर कैच्या, म्हणजे छपराच्या तिकोनी चौकटी, जिथे टेकायच्या तिथले बैठकीचे दगड सापडतात. ते वेगळे घडवलेले असतात, आजूबाजूच्या दगडांपेक्षा मोठे आणि वरून सपाट केलेले. त्यांच्यावरून मूळ छत कुठून सुरू व्हायचं ते सेंटीमीटरपर्यंत कळतं. दोन बैठकींमधलं अंतर मोजलं की कैच्या किती होत्या ते कळतं. रंगमंचाच्या कमानीच्या पायथ्याशी जोत्याचा दगड असतो, त्यावरून मंचाची उंची. मी एका जुन्या नाट्यगृहात भिंतीवर आडवी गेलेली एक फिकट रेघ पाहिली होती. तिच्याखाली गिलावा गुळगुळीत, वर खरबरीत. नंतरच्या काळात तिथे खोटं छत टाकलेलं होतं आणि वरचा भाग कुणाच्या नजरेलाच पडत नव्हता. आगीनं ते खोटं छत खाल्लं आणि जुनी उंची उघडी पडली.

म्हणून माझं उत्तर असं. भिंतींत त्या थिएटरचं माप उरलं, आणि माप उरलं तर वाद्य पुन्हा बांधता येतं. भोपळा तोच ठेवून तारा नव्या चढवल्या तर तंबोरा तोच राहतो. भोपळाच फोडला, तर नवा कितीही देखणा केला तरी तो दुसरा तंबोरा.

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ च्या रात्री असंच जळालं. बाहेरच्या भिंती उरल्या, आतला लाकडी डोलारा गेला. ‘होतं तसं, होतं तिथं’ असं तिथल्या लोकांनी ठरवलं आणि २००३ च्या डिसेंबरात ते पुन्हा उघडलं. जुन्या सजावटीसाठी छायाचित्रं धुंडाळली गेली, १९५४ च्या एका चित्रपटात प्रेक्षागाराचं चित्रीकरण झालं होतं तेही तपासलं गेलं. पण मला त्या कहाणीतला एकच तुकडा फार मोलाचा वाटतो. आगीच्या सुमारे दोन महिने आधी ध्वनिशास्त्राच्या एका संशोधकानं त्या प्रेक्षागारात आवाजाची मोजमापं घेऊन ठेवली होती. कुठल्या जागी बसल्यावर घुमारा कसा ऐकू येतो, याची नोंद. जळून गेलेल्या सभागृहाचा आवाज त्या नोंदींत शिल्लक होता आणि नव्याची आखणी करताना त्यांचा उपयोग झाला. मी ते वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो आपल्याकडच्या नाट्यगृहांचा. याकडे शेवटी येते.

आता भाजलेल्या भिंतीवर भरवसा ठेवायचा कसा, याबद्दल. ही माझी रोजची कामाची गोष्ट आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हारस थिजून झालेला. ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडात गारगोटीचे कण भरपूर असतात. ५७३ अंश सेल्सिअसला त्या कणांची रचना बदलते, ते एकदम फुगतात आणि दगड आतून तडकतो. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे हा धोका त्याला फारसा नाही. शिवाय दगड उष्णता आत सावकाश घेतो. दोन-तीन तासांच्या आगीत दोन फुटी भिंतीच्या पृष्ठभागाची लाही होते, पण गाभा सहसा कोमट होण्यापलीकडे जात नाही. नुकसान बहुधा वरच्या काही सेंटीमीटरांत असतं. आग विझवताना तापलेल्या दगडावर गार पाणी पडतं, तेव्हा कोपरे आणि कडा टवके उडून निघतात. चौकटींच्या, कमानींच्या धारेवर हे जास्त दिसतं, कारण तिथे दगड दोन बाजूंनी तापलेला असतो.

चुन्याचं तसं नाही. दगडांमधल्या सांध्यातला जुना चुना मुळात पुन्हा दगड झालेला असतो. साधारण आठशे अंशांच्या पुढे तो भट्टीतल्यासारखा भाजतो आणि कळीचा चुना होतो. मग बंबाचं पाणी किंवा पाऊस पडला की तो जागच्या जागी विरतो, फुगतो आणि भुगा होतो. तपासायला सोपं आहे. सांध्यात पातळ खिळा रोवायचा. चांगला चुना खिळ्याला दाद देत नाही. भाजलेला असेल तर खिळा लोण्यात जावा तसा जातो, दोन सेंटीमीटर, तीन सेंटीमीटर, आणि मग एकदम अडतो. जिथे अडला तिथून पुढे भिंत जिवंत. चुन्यातल्या वाळूत लोह असेल तर तीनशे अंशांच्या आसपास ती गुलाबीसर होते. सांध्याचा छोटा तुकडा काढून तो आडवा मोडला की बाहेर राखाडी, मग गुलाबी पट्टा, मग मूळ पांढरट रंग असे थर दिसतात. आग किती खोल गेली ते त्या पट्ट्यावरून डोळ्यांनी वाचता येतं. प्रयोगशाळेत पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घ्यायची.

दगडाला हातोडीनं ठोकून पाहतात. लहान, पाव किलोची हातोडी पुरते. शाबूत दगड खणकतो. आत तडा असेल किंवा दगड मागच्या भरावापासून सुटला असेल तर बद्द आवाज येतो, फुटक्या मडक्यासारखा. चांगल्या पाथरवटाला हे शिकवावं लागत नाही, माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळतं. मी एक करते. प्रत्येक दगडावर खडूनं खूण करून भिंतीचं चित्र काढते आणि बद्द वाजणारे दगड त्यात रंगवते. रंगवलेले ठिपके सुटे सुटे आले तर तेवढेच दगड बदलायचे. पण ते एका उभ्या पट्ट्यात किंवा पोटासारख्या गोल आकारात आले, तर भिंतीची दर्शनी साल आतल्या भरावापासून वेगळी झाली आहे असं समजायचं. जुनी जाड भिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये लहान दगड-चुन्याचा भराव. दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड मधे मधे असतात, ते तुटले की साल सुटते. त्यानंतर ध्वनिलहरींची चाचणी, भिंतीत भोक पाडून आत कॅमेरा घालणं, गरज असेल तिथे गाभ्याचा नमुना काढणं, अशी यंत्रांची कामं येतात. यंत्रं लागतातच. पण ती कुठे लावायची ते हातोडी सांगते.

लोखंडाकडे लक्ष द्या, कारण भिंतीला बहुतेक इजा तेच करतं. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांला निम्मी ताकद गमावून बसतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याआधी ते लांबतं, हे लक्षात राहत नाही. २० मीटर लांबीची पोलादी कैची पाचशे अंशांनी तापली तर सुमारे १२ सेंटीमीटर वाढते. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट असतील तर ती भिंतींना बाहेर ढकलते. नंतर मऊ पडून मध्ये झोल खाते, तेव्हा त्याच भिंतींना आत ओढते. त्यामुळे छप्पर कोसळलेल्या इमारतीत मी सगळ्यात आधी भिंतीचा ओळंबा पाहते, काळेपणा नंतर. भिंत किती कलली, कुठे कलली आणि अजून कलते आहे का. यासाठी जुनी पद्धत अजूनही चालते. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. तडा केसभर जरी सरकला तरी काच मोडते.

लाकडाबद्दल एक वाक्य: जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा झाली तरी आतून शाबूत सापडते, म्हणून काळी दिसली की गाडीत भरू नका, आधी करवतीनं काप घेऊन पाहा.

माझ्या उमेदीच्या काळातली एक गोष्ट सांगते. एका तालुक्याच्या गावी जुनं दगडी गोदाम जळालं होतं. मी नवखी, बरोबरच्या मंडळींना घाई. भिंत काळीठिक्कर, वरचे टवके उडालेले, पायाशी चुन्याचा भुगा. धोकादायक म्हणून पाडायचं ठरलं, मीही सही केली. जेसीबी सकाळी आठला आला. तासाभरात भिंत आडवी होईल असं सगळ्यांना वाटत होतं. दुपारचे चार वाजले. एकेक दगड निघताना आतला चुना पांढरा, घट्ट, नखाला न लागणारा दिसत होता. काळेपणा चार बोटं खोल, बाकी भिंत जशीच्या तशी. पाडता पाडताच कळलं की ती पाडायची नव्हती. तो चुन्याचा एक डिखळा मी घरी आणला, अजून टेबलावर आहे. तेव्हापासून खिळा आणि हातोडी लावल्याशिवाय मी कुठल्याही भिंतीच्या कागदावर सही केलेली नाही.

म्हणजे प्रत्येक भाजलेली भिंत वाचतेच असं नाही. काही ठिकाणी कलणं इतकं असतं की उतरवून, दगडांना क्रमांक देऊन, तेच दगड पुन्हा रचावे लागतात. काही ठिकाणी तेही जमत नाही. पण हा निर्णय भिंतीभिंतीचा वेगळा असतो, आणि एकाच भिंतीच्या दोन टोकांचाही वेगळा असू शकतो. ‘सगळं पाडा’ आणि ‘सगळं ठेवा’ ही दोन्ही वाक्यं तपासणीआधी कुणी म्हटली तर मी त्या माणसावर विसंबत नाही.

आणि आगीनंतरचा खरा शत्रू पाऊस. कोल्हापुरात आग लागली ती श्रावणाच्या पहिल्या दिवसांत. छप्पर गेलेल्या भिंतीचा माथा म्हणजे उघडं तोंड. पाणी वरून मधल्या भरावात उतरतं, भाजलेला चुना विरवतं, बारीक माती-चुना धुऊन खाली नेतं आणि भिंत पोटातून पोकळ होत जाते. आगीत न पडलेली भिंत पुढच्या दोन पावसाळ्यांत पडलेली मी पाहिली आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात करायची कामं ठरलेली आहेत. सुटे दगड उतरवून क्रमांक टाकून बाजूला ठेवणं, माथ्यावर चुन्याचा उतरता थर देणं, वर ताडपत्री घालणं, पण हवा खेळती राहील अशी, भिंतीला चिकटवून नव्हे. आणि दोन्ही बाजूंनी टेकू. छप्पर दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवत असतं. ते गेलं की उंच भिंत वाऱ्यात एकटी उभी असते.

सिमेंटचा मोह इथेच होतो. लवकर धरतं, गवंडी सहज मिळतात. पण जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर म्हणजे ओल्या अंगावर प्लॅस्टिकचा कागद. आतलं पाणी बाहेर यायची वाट बंद होते, क्षार साचतात आणि दगडाची साल निघायला लागते. दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, भरायचे ते चुन्यानंच, आणि पोकळ्यांत सोडायचं तेही चुन्याचं पातळ दूध, अगदी हलक्या दाबानं, खालून वर. शिवाय वाळायला वेळ द्यावा लागतो. बंबाचं पाणी आणि पावसाचं पाणी प्यालेली दोन फुटी भिंत एका उन्हाळ्यात कोरडी होत नाही. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून गिलावा घाईनं चढवला तर तो वर्षभरात पोपडे धरतो.

काजळी धुवायलाही घाई नको. हल्लीच्या नाट्यगृहात जळतं काय? खुर्च्यांचा फोम, विजेच्या वायरींची पीव्हीसी वेष्टणं, ध्वनिशोषक तक्ते. पीव्हीसी जळाली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू होतो आणि त्याचे अंश दगडावर, लोखंडावर बसतात. त्यावर जोराचं पाणी मारलं की ते सगळं दगडाच्या छिद्रांत जातं. आधी कोरडी सफाई: मऊ ब्रश, व्हॅक्यूम, रबरी स्पंज. पाणी सगळ्यात शेवटी आणि मोजकं. वाळूचा फवारा तर कधीच नाही, घडीव दगडावरचे टाकीचे घाव एकदा पुसले की पुसले. ते घाव शंभर वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या हाताचे आहेत.

मलब्याबद्दल मी जरा आग्रही आहे. जळालेल्या इमारतीतून राखरांगोळी ट्रक भरभरून बाहेर जाते, आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. माझ्या एका कामात आम्ही मलबा चौकोन आखून, चाळणीतून काढला. पितळी बिजागरी, खुर्चीच्या क्रमांकाचे पत्रे, जुन्या पद्धतीचे चौकोनी खिळे, रंगाचे चार थर असलेला लाकडाचा वीतभर तुकडा. त्या तुकड्यावरून मूळ रंग कळला, जो कुणाच्याच आठवणीत नव्हता. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठी ‘रोझ’ नावाच्या नाट्यगृहाचा पाया १९८९ मध्ये एका नव्या इमारतीच्या खोदकामात सापडला. फिलिप हेन्स्लो या माणसानं १५८७ साली ते बांधलं, मार्लो या नाटककाराची आणि शेक्सपिअरची नाटकं तिथे झाली. वर काहीच उरलेलं नव्हतं, जमिनीत नुसत्या पायाच्या रेषा आणि प्रेक्षकांच्या उभं राहण्याच्या चौकाची जमीन. त्या जमिनीत हेझलनट या फळाच्या टरफलांचा थर होता. चौक रंगमंचाकडे उतरता होता, म्हणजे मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावं. पायाच्या दोन रेषांवरून कळलं की मालकानं मध्येच रंगमंच मागे सरकवून थिएटर वाढवलं होतं. त्याच्या हिशेबाच्या वहीत १५९२ च्या बांधकामाचा खर्च आहे, त्याचा अर्थ तेव्हा लागला. तोवर त्या काळची थिएटरं कशी होती, ते बरंचसं अंदाजावर चाललं होतं. तो पाया वाचवायला नट-नट्या रस्त्यावर उतरल्या, नव्या इमारतीचे खांब बदलून घ्यावे लागले. आज तो पाया तळघरात वाळूच्या थराखाली, वर पाणी ठेवून, ओला राखला आहे, कारण सुकला तर भेगाळतो. इतक्या थोड्या अवशेषांतून तिथल्या लोकांनी एवढं वाचलं. आपल्याकडे तर पुरुष-पुरुष उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या.

खर्चाचं म्हणाल तर भिंत राखून काम करणं सुरुवातीला महाग पडतं, हे खरं आहे. तपासणी, टेकू, चुन्याची घाणी, जाणकार गवंडी, वेळ. पण हिशेबात दुसरी बाजूही धरा. शंभरहून अधिक पावसाळे पाहिलेला पाया आणि घडीव दगडाची भिंत आज नव्यानं बांधायची म्हटली तर तेवढे पाथरवट गोळा करतानाच नाकी नऊ येतील. त्यामुळे ‘पाडून नवं’ याचा खरा अर्थ बहुतेक वेळा काँक्रीटची चौकट आणि तिच्यावर दगडाची पातळ फरशी असा असतो. फरशी लावलेली भिंत आवाज परतवते वेगळा, दोन फुटी दगडी भिंत परतवते वेगळा. नाट्यगृहाच्या बाबतीत तो फरक ऐकू येतो.

बाकी जे नवं करायचं ते मात्र बेधडक नवं करावं. विजेची वायरिंग, धूर बाहेर काढायची सोय, आपोआप चालणारे पाण्याचे फवारे, आग पकडणार नाही असे पडदे, आणि रंगमंच व प्रेक्षागार यांना तोडणारा अग्निरोधक पडदा. रंगमंचाच्या वरची उंच पोकळी आगीला धुराड्यासारखी ओढून घेते, म्हणून हा पडदा महत्त्वाचा. आणि दुरुस्ती चालू असताना सगळ्यात जास्त सावध राहावं. बार्सिलोनाचं लिसेऊ ऑपेरागृह १९९४ च्या जानेवारीत जळालं ते अशाच लोखंडी अग्निरोधक पडद्याच्या दुरुस्तीतल्या वेल्डिंगच्या ठिणग्यांनी. तेही पुन्हा बांधलं गेलं, १९९९ मध्ये उघडलं. जुन्याच्या नावाखाली जुनी वायरिंग ठेवायचं कारण नाही. १९१५ ची मापं पाळायची आहेत, १९१५ चे धोके नाहीत.

शेवटी तुमच्यासाठी एक काम, ‘ला फेनिचे’च्या त्या नोंदींसारखं. तुमच्या गावात जे जुनं नाट्यगृह अजून उभं आहे, तिथल्या व्यवस्थापकांना विचारून एक रिकामी सकाळ मागून घ्या. लेझरचं माप सोळाशे-दोन हजार रुपयांत मिळतं, त्यानं रुंदी, लांबी, मंचाची उंची, छताची उंची चार-पाच ठिकाणी मोजा. पंखे, वातानुकूलन बंद करा. मंचाच्या मध्यभागी कुणाला तरी मोठा, चांगला फुगवलेला फुगा घेऊन उभं करा. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मग मध्ये, मग शेवटच्या रांगेत, बाल्कनी असेल तर तिथेही. प्रत्येक जागी फुगा फोडायला सांगा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत नोंद करा. साध्या फोनवर चालेल, पण आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद ठेवा. प्रत्येक जागी तीनदा. फायलींना रांग, खुर्चीचा क्रमांक आणि तारीख अशी नावं द्या, आणि त्यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या घरांत ठेवा.